ततियम्पि राहिलं

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा.

वर्षावास आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. बिल्डिंगमागच्या विहारात ग्रंथवाचन सुरू झालं, माइकचा आवाज खिडकीतून येत होता. आपल्याला काही जाता येणार नाही, निदान हे तीन महिने. सुचिताची नाइट आहे. ठाण्याचं हॉस्पिटल, स्टाफ नर्स, तीन महिने ट्रायल, आणि ट्रायलभर रात्रच. रविवार तेवढा सुट्टी. नीट पार पडली तर कायम करतील, मग दिवसाची ड्युटी मागता येईल. संध्याकाळी पावणेसातला ती घराबाहेर, सकाळी सव्वानऊला घरात. मधले साडेचौदा तास मी, मैत्री (साडेचार वर्षं) आणि समू (दहा महिने).

मंगळवारचं लिहून ठेवतो. विसरायला नको. मी मेल्यासारखा झोपलो. समू रडला, कळलंच नाही. मैत्रीने स्टूल लावून कडी काढली आणि समोरच्या परब काकूंचं दार वाजवलं. रात्री एकला. काकूंनी येऊन मला गदागदा हलवलं तेव्हा जागा झालो. तोवर दार सताड उघडं, पोरगी जिन्यात, समू पलंगाच्या कडेला.

हे आईच्या कानावर जायचं ते गेलंच. आई विठ्ठलवाडीला, माझ्या भावाकडे असते. आज आली. चहाला हात लावला नाही.

"मैत्रीला मी नेते. बारकं एक सांभाळ, मग बघू."

मी नाही म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो माहीत नाही. शेवटी तिनेच तोडगा काढला. आश्विन पौर्णिमेपर्यंत मुदत. रात्र माझी मी निभवायची. सुचिताला ड्युटीवर एकदा जरी हाक मारावी लागली, तर आई पिशवी घेऊन येणार आणि मैत्रीला नेणार.

सुचिता युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. निघताना म्हणाली, "तसंही ट्रायलवरच्या मुलींना वॉर्डात घरचा फोन आलेला चालत नाही."

म्हणजे ठरलं. रोज शेवटी लिहायचं: फो.ना. फोन नाही.

आज फो.ना.


१२ जुलै, शनि.

पोरीला झोपायच्या आधी वंदना लागते. सु. रोज म्हणायची, मी तेव्हा मोबाइल बघत पडलेलो असायचो. आता मैत्री अगरबत्ती घेऊन माझ्यासमोर उभी. "पप्पा, म्हण."

म्हटलं, त्यात काय. लहानपणापासून पाठ आहे. समू मांडीवर, तो मेणबत्तीकडे झेपावतोय, एका हाताने त्याला धरून त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, सुरू केलं. एकदा झालं, दुतियम्पि झालं, परत दुतियम्पि झालं, संपलं. हात जोडले.

मैत्री जागची हलेना. "ततियम्पि राहिलं."

"झालं की गं तीनदा."

"तू दोनदा दुतियम्पि म्हणालास. दुतियम्पि म्हणजे दुसऱ्यांदा, ततियम्पि म्हणजे तिसऱ्यांदा. ताईंनी सांगितलंय." ताई म्हणजे विहारात रविवारी बालसंस्कार वर्ग घेतात त्या.

मी म्हणालो, चालतं. ती म्हणाली, नाही चालत. पहिल्यापासून म्हणायला लावलं. तोवर समूने अगरबत्तीचा पुडा चावला होता. लाळेला चंदनाचा वास.

छत्तीस वर्षांचा माणूस मी. शाळेत प्रयोगशाळा सहायक, पोरांना बीकर धरायला शिकवतो. आणि मला सरण नीट जाता येत नाही.

फो.ना.


१५ जुलै, मंगळ.

पाणी रात्री अडीचला सुटलं. इथे दिवा स्टेशनजवळ पाण्याला घड्याळ नसतं, पण खालच्या मजल्यावरच्या पोरांचं कान देऊन झोपणं पक्कं. "पाणी आलंऽऽ" झालं की आख्खी बिल्डिंग उठते. चार मजले, पंप बिघडलेला. समूला पोटाशी बांधलं (सु.ची जुनी ओढणी), दोन्ही हातांत बादल्या. मैत्री वरून कठड्यावर टॉर्च धरून उभी. तिचा टॉर्च माझ्या डोळ्यांत.

सहा खेपा. चौथ्या खेपेला समू झोपला. बाकी कशाने झोपला नव्हता. उद्या पाणी नाही, उद्या काय करायचं?

फो.ना.


१९ जुलै, शनि.

ततियम्पिचा आता नुसता धुमाकूळ आहे. मैत्रीच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलंय की ततियम्पि म्हणजे "अजून एकदा, आणि आता खरंच शेवटचं".

"पप्पा, पाणी."
दिलं.
"दुतियम्पि पाणी."
दिलं.
"ततियम्पि पाणी."
दिलं. मग अर्थातच दुतियम्पि शू, ततियम्पि शू.

त्यात समूची शी. मैत्री नाक धरून: "बाळाची पण ततियम्पि झाली." खरंच तिसरी होती. मी रात्री पावणेदोनला मोरीत एकटा हसत बसलो. भिंतीपलीकडच्यांना काय वाटलं असेल.

सु.ला सकाळी सांगितलं. ती दारातच चप्पल काढता काढता हसली, मग तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, "मी हे सगळं चुकवतेय." मी म्हणालो, रोज सकाळी सांगेन, ताजं ताजं. ती पोहे खाता खाता झोपली, चमचा हातात.

फो.ना.


२४ जुलै, गुरु.

दुपारच्या सत्रात नववी ब चं प्रॅक्टिकल. उभ्या उभ्या डोळा लागला. हातातली परीक्षानळी सुटली, रिकामी होती म्हणून बरं. विज्ञानाच्या सरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एक पोरगा म्हणाला, सर, घरी बाळ आहे का? त्याच्या घरी पण आहे म्हणे. सुटीत त्याने मला आपली पारले बिस्किटं दिली.

फो.ना.


२ ऑगस्ट, शनि.

समूला दात. वरचे दोन. दोन रात्री झाल्या, तो आडवा व्हायलाच तयार नाही. खांद्यावर घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी. अकरा पावलं. बारा करून बघितली, भिंत लागते.

साडेअकराला परब काकू आल्या. "पोर कित्याक रडता?" हातात मीठ, मोहरी, मिरच्या.

मी म्हणालो, "काकू, आमच्यात दृष्ट नाही काढत. आम्ही मानत नाही."

"तुमच्यात नाय ना काढत? मी माझ्यातली काढतंय."

ज्या बाईने त्या मंगळवारी माझी पोरगी जिन्यातून घरात आणली, तिला तत्त्वं कुठून सांगू. त्यांनी ओवाळलं, तव्यावर टाकलं. मिरचीचा असा ठसका उठला की मी, मैत्री, काकू, सगळे खोकून बेजार. समू आमच्याकडे बघून खो खो हसायला लागला. हसता हसता थकला आणि झोपला.

काकू विजयी मुद्रेने गेल्या. मैत्रीने विचारलं, दृष्टीने झोपला का? मी म्हणालो, हसून झोपला. ती म्हणाली, "मग उद्या पण खोकू या."

हे नोंदवून ठेवतो: मी मिरचीला सरण गेलेलो नाही.

फो.ना.


९ ऑगस्ट, शनि.

आज वैतागलो. सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं.

मैत्रीचं ततियम्पि गोष्ट चाललं होतं. सशाची गोष्ट. तिसऱ्या वेळी मी ससा लवकर मारून टाकला, गोष्ट संपावी म्हणून. ती रडली. मी ओरडलो. जोरात. समू दचकून उठला, तोही रडला. मग मीही. तिघे पलंगावर, लाइट चालू.

मैत्रीने माझ्या पाठीवर थोपटलं, समूला थोपटते तसंच, "ओ ओ ओ" करत. म्हणाली, "ससा झोपलाय फक्त."

मला वाटलं, आईचं बरोबर आहे. पोरगी विठ्ठलवाडीला असती तर निवांत झोपली असती. साडेचार वर्षांच्या पोरीने बापाला थोपटायचं का? वॉर्डाचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. दोनदा जाऊन वाचून आलो.

फो.ना. पण आज अगदी कडेवर.


१६ ऑगस्ट, शनि.

दहीहंडी. टेंभी नाक्याच्या बाजूने रस्ते बंद, सु. स्टेशनवरून चालत हॉस्पिटलला गेली, वीस मिनिटं उशीर. मोठ्या सिस्टरने वहीत लिहिलं. ट्रायलवर आहे ना, सगळं लिहितात. तिकडे तिची वही, इकडे माझी.

इकडे खाली मंडपात एकपर्यंत स्पीकर. पलंग थरथरत होता. म्हटलं झोप येणार नाहीच तर नाचू. समूला वर उचलून मी खालचा थर, मैत्री माझ्या पाठीवर. तिला नारळ म्हणून बटाटा दिला. तिने तो माझ्या डोक्यावर फोडायचा प्रयत्न केला.

वंदना त्या आवाजातच म्हटली. ओरडून. ततियम्पि न विसरता. आता विसरत नाही. गंमत म्हणजे दिवसा, शाळेतून येताना, मीच मनात म्हणायला लागलोय. कशासाठी? काही मागायचं नसतंच त्यात. नुसतं सरण जातो म्हणायचं, तीनदा. मला पूर्वी वाटायचं, एकदा सांगितल्यावर कळत नाही का. आता रोज बघतोय. एकदा सांगून पोराला कळत नाही, बापालाही नाही.

फो.ना.


३० ऑगस्ट, शनि.

गणपतीची सुट्टी. दिवसा झोपलो. कसली झोप. मैत्रीला बालवाडीत गृहपाठ: ओल्या कापसात मटकी रुजवणे. बाईंनी सांगितलं, बीला ओल पाहिजे, ऊब पाहिजे, अंधार पाहिजे. माझ्यातला प्रयोगशाळा सहायक जागा झाला. मी तिला अर्धा तास अंकुर समजावला. तिने फार लक्ष देऊन ऐकलं. अभिमान वाटला.

फो.ना.


१३ सप्टें., शनि.

झोपायला हवं. पण लिहितो.

उसळीसाठी वाटाणे निवडून भिजत घातले होते. नऊला वंदना, साडेनऊला दोघे झोपले. एवढं सुरळीत कधी होत नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. बाराला मैत्री उठून बसली.

"पप्पा, माझं झाड आत गेलं."

"कुठलं झाड?"

नाकाला बोट. उजवी नाकपुडी. कोरडा वाटाणा, तिने संध्याकाळीच लावलेला. ओल आहे, ऊब आहे, अंधार आहे. सगळं मीच शिकवलेलं.

टॉर्च मारून बघितलं, हिरवं टोक दिसतंय. बोट घालायला गेलो तर अजून आत. शिंक म्हणालो, तिने उलट ओढून घेतलं. परब काकू गावाला, गणपतीला गेलेल्या, अजून परतलेल्या नाहीत. समू उठला. रिक्षा एवढ्या रात्री, दोन पोरं, पाऊस. आणि माझ्या डोक्यात काय, तर आईची पिशवी. पोरीच्या नाकात वाटाणा फुगतोय आणि मी पिशवीचा विचार करतोय. स्वतःची लाज वाटली.

वॉर्डाला फोन केला.

मोठ्या सिस्टरने उचलला. "पर्सनल आहे का?" मी म्हणालो, हो. मग सुचिता.

तिचा आवाज घरातला नव्हता. वॉर्डातला. सरळ, बारीक. "श्वास घेतेय ना? रडतेय? बरं, रडू दे. चिमटा घालायचा नाही. डावी नाकपुडी बोटाने दाब. तोंडाला तोंड लाव, पापा घेतोस तसं, आणि एकदम फुंक. नाही निघाला तर रिक्षा करून इकडे ये." फोनचा स्पीकर चालू करून पलंगावर ठेवला.

फुंकलं. काही नाही. मैत्री खोकली.

परत. नाही. माझेच कान बंद झाले. म्हटलं, चल, चपला घाल, जाऊ मम्मीकडे.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ततियम्पि राहिलं."

तिसऱ्यांदा सगळा जीव एकवटून फुंकलं. वाटाणा फट्दिशी माझ्या गालावर. चिकट, फुगलेला, साल सुटलेली.

फोनमधून: "निघाला?" मी म्हणालो, निघाला. "रक्त?" थोडं. "ठीक आहे. झोपव तिला. सकाळी बघते." आणि ठेवला.

मैत्रीला वाटाणा परत पाहिजे होता. कापसात ठेवला.

फो. झाला.


१४ सप्टें., रवि.

सु. आली, आधी टॉर्चने नाक तपासलं, मग मला जवळ घेतलं. ती रडली नाही, मी थोडा. मोठी सिस्टर काही बोलली नाही म्हणे. वहीत लिहिलं की नाही, दिसलं नाही.

अकराला आईचा फोन. "रात्र कशी गेली?" रोज विचारते. "सुचिताला काही फोनबिन नाही ना करावा लागला?"

मी म्हणालो, नाही.

तोंडातून निघूनच गेलं. सु. समोर भाजी निवडत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत भाजीकडे. नंतर म्हणाली, "तुझी आई, तू बघ. मी खोटं बोलणार नाही. चुगलीही करणार नाही."


१६ सप्टें., मंगळ.

वंदनेत पंचशील. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. जीभ अडखळली. पुढच्यावर गेलो.

"पप्पा, चौथं राहिलं."

या पोरीला कोणी शिकवलं मोजायला.

चौथं म्हटलं. तिच्याकडे न बघता.

फो.ना. (याला आता काय अर्थ आहे? तरी लिहितो.)


२३ सप्टें., मंगळ.

नवरात्र. खाली गरबा दहापर्यंत, मग मंडळाचे कार्यकर्ते दोनपर्यंत खुर्च्या आवरतात, लोखंडी खुर्च्या एकावर एक. समू प्रत्येक आवाजाला टाळी वाजवतो. चालायला लागलाय, भिंत धरून. आज भिंत सोडून दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला बसला. मैत्रीने जे म्हणायचं ते म्हटलंच.

वाटाण्याला कोंब आलाय. खरोखर. चहाच्या कपात खिडकीत ठेवलाय. मी विज्ञानाचा माणूस, मला आश्चर्य वाटायला नको होतं. वाटलं.

फो.ना.


२८ सप्टें., रवि.

आईचा फोन. पौर्णिमेला येते म्हणाली. मग परत तेच: "खरंच एकदाही नाही ना केलास फोन?"

"नाही गं आई."

दुसऱ्यांदा. या वेळी निघून गेलं नाही, मी बोललो. फरक आहे, मला कळतो.

का बोललो? मैत्री जाईल म्हणून. ती गेली तर सु. तीन दिवसांत नोकरी सोडेल, ते मला माहीत आहे. अडीच महिने ती रात्री उभी आहे, मी इथे उभा आहे. हे सगळं एका वाटाण्याने जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण खोट्याच्या आधाराने ते राहिलं तर मग रोज रात्री मैत्रीसमोर बसून चौथं कसं म्हणू? ती माझी चूक धरते, मला ते आवडायचं.

पौर्णिमेला सांगायचं. नेते तर नेऊ दे. नाही, नेऊ देणार नाही. पण सांगायचं.


२ ऑक्टो., गुरु.

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी चौघे पांढऱ्या कपड्यांत विहारात. सु. ड्युटीवरून तशीच आली, उभ्या उभ्या साडी बदलली. समूच्या पांढऱ्या झब्ब्यावर पाच मिनिटांत खीर. ग्रंथवाचन करणाऱ्या ताई म्हणाल्या, तुम्ही वर्षावासात दिसला नाहीत. मैत्री म्हणाली, "आमच्या घरी रात्रभर असतो."

फो.ना.


७ ऑक्टो., मंगळ. सकाळी साडेदहा.

कालचं सगळं. नीट लिहितो, शाळेला उशीर झाला तरी चालेल.

आई संध्याकाळी पाचला आली. हातात पिशवी, रिकामी, घडी केलेली. तिने ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. सु. पाया पडून ड्युटीला गेली. जाताना खिळ्याकडे बघून गेली.

नऊला वंदना. मैत्री म्हणाली, आज आजी सांगेल. आई खूश. तिचा आवाज अजून खणखणीत आहे. आईला वाचता येत नाही, विठ्ठलवाडीच्या चाळीत माझ्या आजीच्या मागे म्हणून म्हणून पाठ केलेलं. डोळे मिटून सुरू केलं. एकदा झालं. दुतियम्पि झालं. परत दुतियम्पि. हात जोडले.

मी मैत्रीकडे बघितलं. मैत्री आजीकडे बघत होती.

"आजी, ततियम्पि राहिलं."

"काय राहिलं?"

मैत्रीने समजावलं. बोटं मोजून, जसं मला समजावलं होतं तसंच. आई ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "किरण, मी आजवर दोनदाच म्हणत आले का रे?"

म्हणजे चूक माझी नव्हती. चूक आजीकडून आईला, आईकडून मला. घराण्यात कोणी तिसऱ्यांदा गेलेलंच नाही. मला हसू फुटलं, आईलाही. डोळ्यांना पदर लावून हसली. मग मैत्रीने आम्हा दोघांना पहिल्यापासून म्हणायला लावलं. आई एकेक अक्षर पोरीच्या तोंडाकडे बघून म्हणत होती.

दहाला परब काकूंनी कोजागिरीचं मसाला दूध आणलं. समूने ते आईच्या मांडीवर ओतलं. अकराला तो झोपला, साडेअकराला उठला. एकला मैत्रीचं ततियम्पि पाणी. आई सगळं बघत पडली होती, उठली नाही. मुद्दाम उठली नाही, मला कळत होतं. परीक्षा चालू होती.

अडीचला पाणी सुटलं. समूला पोटाशी बांधलं, बादल्या घेतल्या. पहिली खेप करून वर आलो तर आई पिंपाशी उभी. बादली माझ्या हातातून घेऊन ओतली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला मी बादली खाली ठेवली आणि म्हणालो,

"आई, मी फोन केला होता. सुचिताला, ड्युटीवर. तेरा तारखेला. मैत्रीच्या नाकात वाटाणा गेलेला. तुला दोनदा खोटं बोललो."

आईने पिंपाचं झाकण लावलं. "माहिताय."

"कोणी सांगितलं?"

"पोरीने. दुसऱ्या दिवशी तू फोन तिच्याकडे दिलास ना. म्हणाली, आजी, मी नाकात झाड लावलेलं, मम्मीने फोनवर काढलं." पदराने हात पुसले. "तुला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला आलेले."

समू माझ्या पोटाशी झोपेत चोखत होता, ओढणीचं टोक. म्हणालो, "आता?"

"आता काय. पाणी जाईल, भर."

अजून चार खेपा केल्या. ती पिंपाशी उभी राहिली, प्रत्येक बादली तिने घेतली. झोपताना म्हणाली, "नाकातलं फुंकून काढलंस ते बरं केलंस. तुझे बाबा असते तर त्यांनी चिमटा घातला असता." बाकी काही नाही. पिशवीबद्दल तर नाहीच.

सकाळी सव्वानऊला सु. आली. कायम करणार की नाही ते शुक्रवारी कळेल म्हणे. मोठ्या सिस्टरने फक्त एवढं विचारलं, वाटाणेवाल्या मुलीचं नाक कसं आहे. आई तिला म्हणाली, "तू झोप. मी आहे." किती वेळ आहे ते म्हणाली नाही. सु.ने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, म्हणजे सांगितलं सगळं. ती जाऊन पडली, दोन मिनिटांत झोपली.

आता मैत्री स्वयंपाकघरात आजीला वाटाण्याचं रोप दाखवतेय. चार पानं झालीत. आजी विचारतेय, हे विठ्ठलवाडीला न्यायचं का? मैत्री विचारात पडलीय.

खिळ्याला पिशवी आहे. आता घडी केलेली नाही, आत काहीतरी आहे, मैत्रीचे कपडे की आईचे स्वतःचे, माहीत नाही. हात लावून पाहिलं नाही. आज वंदना नऊलाच.

फो. झाला होता, एकदा. सांगितलं.